उपयोग काय?

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आमच्या कोळीवाड्यात जाळ्यातल्या प्रत्येक माशाला विचारतात. मी बी. ए.ला नाव घातले, तेव्हा मलाही विचारला. म्हणून एका मुशीची हकीगत सांगते.

फेब्रुवारी २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात, देवमाशांच्या खाद्याचा शोध घेणाऱ्या जहाजाच्या जाळ्यात डॉगफिशच्या गणातली १४ सेंटिमीटरची मुशी आली. इतर नमुन्यांबरोबर तीही गोठवून ठेवली गेली. २०१३ मध्ये मार्क ग्रेस यांनी एकेक नमुना तपासला, तेव्हा तिच्या पराजवळची खिशासारखी पिशवी दिसली. अशी मुशी पूर्वी एकदाच, १९७९ मध्ये, दक्षिण अमेरिकेजवळच्या पॅसिफिक महासागरात सापडली होती. ही जात त्याहूनही निराळी, हे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्या पिशवीतून प्रकाशणारा द्रव सुटत असावा, असे अभ्यासक मानतात.

बाजारात तिचे दोन पैसेही आले नसते. माझ्या मते आधी ओळख, मग उपयोग. आपल्या किनाऱ्यावर फेकली जाणारी बारीक मासळी कोणी अशी निरखली आहे का? घरच्यांना माझे उत्तर एवढेच : मी निरखून पाहायला शिकते आहे.