परक्याची सुनावणी

अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत अमेरिकेतील हद्दपारीचा विषय निघाला, की एक वाक्य हटकून ऐकू येते: "जो कायदा मोडून आत शिरला, त्याला कायद्याचे संरक्षण कसले?" वाक्य सुटसुटीत आहे, टाळी घेणारे आहे, आणि ते उच्चारणारे गृहस्थ बहुधा असे असतात, की ज्यांचा मुलगा न्यूजर्सीत किंवा टेक्ससमध्ये मुदतीच्या परवान्यावर नोकरी करीत असतो. आम्हांस या गृहस्थांशी भांडावयाचे आहे. त्यांच्या मुलाच्या काळजीने नव्हे, तर त्या वाक्यात तर्काची जी चोरी आहे तिच्यासाठी.

'कायदा मोडून शिरला' हे ठरविले कोणी? जे सिद्ध होण्यासाठी सुनावणी असते, तेच आधी गृहीत धरून सुनावणी नाकारणे म्हणजे उत्तरपत्रिका न उघडताच विद्यार्थ्यास नापास ठरविणे, आणि वर 'नापासाची उत्तरपत्रिका तपासावयाची कशाला?' असे विचारणे होय. जन्मभर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसलेल्या आम्हांस आळशी परीक्षकाचा हा युक्तिवाद चांगला परिचयाचा आहे.

परक्यास आपल्या देशातून घालविण्याचा राज्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. वाद आहे तो अधिकार बजावण्याच्या रीतीचा. अमेरिकेच्या घटनेची 1791 ची पाचवी व 1868 ची चौदावी दुरुस्ती ज्यास योग्य न्यायविधीचे संरक्षण देते, तो 'नागरिक' नसून 'व्यक्ती' आहे. हा शब्द नजरचुकीने पडलेला नाही. 1886 साली सॅनफ्रॅन्सिस्कोच्या एका चिनी धोब्याने तेथील सर्वोच्च न्यायालयाकडून हेच वदवून घेतले. त्या शहरात सुमारे दोनशे चिनी धोब्यांस परवाना नाकारला गेला होता, आणि चिनी नसलेल्या सुमारे ऐंशी जणांस तो मिळाला होता.

परंतु त्याच न्यायालयाने 1893 साली, तीन न्यायमूर्तींचा विरोध असताना, हद्दपारी ही शिक्षाच नव्हे असा निर्णय दिला. ज्या कायद्याखाली तो दिला, त्यात दाखला जवळ नसलेल्या चिनी मजुरास आपला रहिवास सिद्ध करण्यासाठी निदान एक विश्वासार्ह 'गोरा' साक्षीदार आणावा लागे! दहा वर्षांनी एका जपानी मुलीच्या खटल्यात परक्यास म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे हे तत्त्व मान्य झाले. मात्र आपणांस इंग्रजी येत नव्हते ही तिची तक्रार तिचे दुर्दैव म्हणून बाजूस सारण्यात आली. त्या 'शिक्षा नव्हे' या शब्दांची किंमत आजही मोजली जात आहे. चोरीच्या आरोपीस गरिबीमुळे वकील परवडत नसेल, तर तेथील सरकार तो देते. हद्दपारीच्या खटल्यात उभ्या केलेल्या अज्ञान बालकासही तसा हक्क नाही. शिवाय न्यायासनावर बसतो तो अधिकारी न्यायखात्याचाच नोकर, म्हणजे वादी आणि निवाडा करणारा एकाच घरचे. जी सुनावणी आमच्या मित्रांस चैन वाटते, ती मुळात इतकी दुबळी आहे.

तरीही ती किती तारते, याचे उदाहरण नावावरून तरी आमच्याकडच्याच वाटणाऱ्या एका गृहस्थाचे आहे. सखाराम गणेश पंडित यांना 1914 साली अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पुढे ते कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही असे ठरले, आणि सरकारने अनेक हिंदी लोकांची नागरिकत्वे रद्द करण्याचा सपाटा लाविला. पंडितांवरही पाळी आली. कायद्याचा नवा अर्थ सर्वस्वी त्यांच्याविरुद्ध होता. पण त्यांनी आपली बाजू न्यायालयात स्वतः मांडली. रीतसर निवाडा होऊन एकदा मिटलेला प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, असे 1926 साली अपील न्यायालयाने मान्य केले, आणि ते नागरिक राहिले. तत्त्व उलटले होते; न्यायाच्या रीतीने त्यांस वाचविले. त्यांस बोलूच दिले नसते तर?

ते 'नसते तर' 2025 च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष घडले. 1798 चा, युद्धकाळासाठी केलेला शत्रुदेशीयांचा कायदा बाहेर काढून, आणि त्याच्या जोडीला नेहमीचे हद्दपारीचे हुकूम घेऊन, दोनशेहून अधिक माणसे विमानांत घालून एल साल्वाडोरच्या तुरुंगात पाठविण्यात आली. त्यांत मेरीलँडचा एक रहिवासी होता. तो विनापरवाना शिरला होता, हे खरे. परंतु त्यास एल साल्वाडोरला धाडू नये, असा हुकूम 2019 सालीच झालेला होता. चूक झाल्याची कबुली सरकारी वकिलाने न्यायालयात दिली. तरी त्यास परत आणावयास जून उजाडला. सूचना आणि दाद मागण्याची संधी दिल्यावाचून या कायद्याखाली कोणास नेता येणार नाही, याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींचे एप्रिलमध्ये एकमत झाले. चोवीस तासांची सूचना पुरेशी नाही, हेही मे महिन्यात सांगावे लागले. पहिल्या विमानांतील माणसे तोपर्यंत तुरुंगात पोहोचली होती.

"पण हे अमेरिकेचे झाले," असे म्हणून आमचे मित्र चहाचा पेला उचलतात. आमच्या घटनेच्या 21 व्या कलमातही 'व्यक्ती' हाच शब्द आहे, हे त्यांस सांगावे लागते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आमच्याच महाराष्ट्रात पश्चिम बंगालच्या काही मजुरांस बांगलादेशी समजून पकडण्यात आले, सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्यात आले, आणि मग परत आणण्यात आले. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "पण ते तर भारतीयच होते." होते खरे, मात्र त्यांचे कागद नीट पाहिले गेले ते त्यांना सीमेपार केल्यावर.