लाल शाईचा शेरा

सैन्यातून बाहेर पडणाऱ्या शिपायाच्या हाती ‘डिस्चार्ज बुक’ नावाची एक वही पडते. तो किती वर्षे कोणत्या पलटणीत होता, कोणत्या कारणाने बाहेर पडला आणि त्याचे चारित्र्य कसे होते, हे त्या वहीत लिहिलेले असते. सन्मानाने निवृत्त होणाऱ्याला ही वही पुढच्या आयुष्याची शिदोरी ठरते. परंतु ‘सेवेची गरज उरली नाही’ किंवा ‘अकार्यक्षम’ असा शेरा घेऊन जो परततो, त्याच्या बाबतीत तीच वही जन्माची बेडी होते. हा शेरा दुरुस्त करून घेण्याची आणि पुन्हा गणवेश चढविण्याची वाट सामान्य शिपायाला किती खुली आहे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. जवानाच्या नावाने जयघोष करणाऱ्या देशाला ही गोष्ट शोभणारी नाही.

परभणी जिल्ह्यापुरते पाहिले तरी या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. जिंतूर, गंगाखेड, पालम या भागांतील कोरडवाहू शेतीवर कुटुंबे तगत नाहीत. कारखानदारी नाममात्र आहे. दहावी-बारावी झालेल्या तरुणापुढे मुंबई-पुण्याची मजुरी, पोलीस भरती किंवा सैन्य एवढेच मार्ग उरतात. पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी मुले मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसतात. अशा घरातला मुलगा सैन्यात जातो तेव्हा घरात पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागतो. बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज, विहिरीचे बांधकाम त्या पगारावर उभे राहते. तोच मुलगा शेऱ्यानिशी परत आला, तर नोकरी जाते आणि पतही जाते. पंधरा वर्षे पुरी झाली नसतील तर निवृत्तिवेतन नाही. माजी सैनिकांची भरती करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे दार त्याला लावलेले असते, कारण तेथे चारित्र्याचा शेराच आधी पाहिला जातो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी समांतर आरक्षण आहे. पण केंद्राच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे गैरवर्तन वा अकार्यक्षमता यापायी काढलेला मनुष्य ‘माजी सैनिक’ या व्याख्येतच बसत नाही. सीमेवर काढलेली वर्षे कागदावरून पुसली जातात.

हा शेरा येतो कोठून? सेनेच्या १९५० च्या कायद्यातील ८० व्या कलमान्वये कमांडिंग ऑफिसर शिपायाला अठ्ठावीस दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो. तेथे वकील नसतो आणि न्यायाधीशही नसतो. अशा प्रकारची गंभीर शिक्षा शिपायाच्या वर्तनपत्रकावर लाल शाईने नोंदविली जाते. अशा चार नोंदी झाल्या की १९५४ च्या नियमावलीतील १३ व्या नियमाचा आधार घेऊन त्याला घरी पाठविण्याचा परिपाठ पडून गेला. हे गुन्हे नेहमीच देशद्रोहाचे वा भ्याडपणाचे असतात असे नाही. रजा संपली, पण आई दवाखान्यात होती. पेरणी तोंडावर आली आणि बाप अंथरुणाला खिळलेला होता. म्हणून शिपाई आठ-पंधरा दिवस उशिरा पलटणीत पोचला. सैन्याच्या दृष्टीने हा गुन्हाच आहे आणि त्याला शिक्षा व्हावी, हेही मान्य. पण शिक्षा भोगून झाल्यावर तिचीच बेरीज करून माणसाला पुन्हा शिक्षा करावयाची, आणि तीही आयुष्यभराची, हा न्याय कोणत्या नीतीत बसतो?

स्वतः सेना मुख्यालयाला हे पटले होते. २८ डिसेंबर १९८८ च्या परिपत्रकाने असे बजावले होते की, चार लाल नोंदी झाल्या म्हणून सेवामुक्ती अटळ ठरत नाही. आधी चौकशी व्हावी, गुन्ह्याचे स्वरूप, सेवेची वर्षे आणि खडतर ठाण्यांवर काढलेला काळ ध्यानात घ्यावा, आणि निवृत्तिवेतनाच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाशी कठोरपणे वागू नये. हे परिपत्रक पाळले गेले असते तर पुढची बरीचशी कज्जेदलाली टळली असती. परंतु वीरेंद्रकुमार दुबे या जवानाला ते सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावे लागले. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांची सेवामुक्ती बेकायदा ठरविली. मात्र तोपर्यंत इतका काळ लोटला होता की, निवृत्तिवेतनास पात्र होईपर्यंत ते सेवेत होते असे मानावे, एवढाच आदेश न्यायालय देऊ शकले. मागील पगारही मिळाला नाही. गणवेश तर गेला तो गेलाच. उशिरा मिळालेला न्याय पेन्शनच्या रूपाने येतो. पुन्हा सैनिक होण्याच्या रूपाने तो क्वचितच येतो.

अधिकार एकाच हाती एकवटले म्हणजे काय घडते, याचा दाखला रणजित ठाकूर यांच्या खटल्यात मिळतो. सिग्नल दळातील या शिपायाने आपल्या अधिकाऱ्याकडून होणाऱ्या छळाविरुद्ध थेट वरिष्ठांकडे अर्ज केला. त्या अर्जाबद्दलच त्याला अठ्ठावीस दिवसांची सक्तमजुरी झाली. ती शिक्षा भोगत असताना मे १९८५ मध्ये त्याला जेवण्याचा हुकूम करण्यात आला आणि तो जेवला नाही. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल बसले. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तोच अधिकारी या कोर्टात होता! सदस्यांविषयी काही हरकत आहे काय, हे आरोपीला विचारण्याची कायद्याने घालून दिलेली रीतही पाळली गेली नाही. शिक्षा झाली ती एक वर्षाच्या सक्तमजुरीची आणि बडतर्फीची. शिवाय पुढे मुलकी नोकरीसही तो अपात्र ठरविला गेला. न जेवण्याच्या गुन्ह्याबद्दल जन्मभर उपाशी राहण्याची ही शिक्षा होती. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्व लाभांसह त्याला सेवेत परत घेण्याचा हुकूम दिला. हा निकाल पुढे देशभरच्या कामगारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या खटल्यांत आधारभूत ठरला. एका साध्या शिपायाच्या चिकाटीने सर्वांचे हक्क थोडे पुढे सरकले.

परंतु दिल्लीपर्यंत धडक मारण्याची ऐपत कितीजणांपाशी असते? २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले, हे स्वागतार्हच होते. मात्र परभणीच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. म्हणजे प्रत्येक तारखेला जातायेता हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी. त्याआधी खात्याकडे दाद मागून उत्तराची वाट पाहावयाची आणि मग सहा महिन्यांच्या मुदतीत अर्ज करावयाचा. शिवाय ज्या लहान लहान शिक्षांतून लाल नोंदींची संख्या वाढते, त्या बडतर्फीच्या नसल्यामुळे या न्यायाधिकरणाच्या ‘सेवाविषयक बाबीं’त मोडतच नाहीत. पाने तपासावयाची नाहीत, फक्त शेवटची बेरीज तपासावयाची, असा हा हिशेब आहे. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाण्याची वाट २०१५ च्या एका निर्णयाने जवळजवळ बंद झाली होती. सर्वोच्च न्यायालयानेच ती २०२३ साली पुन्हा मोकळी केली. त्यामुळे मराठवाड्यातील जवानाला निदान छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची आशा उरली आहे.

येथे शिस्तीचा मुद्दा पुढे केला जाईल. तो क्षुल्लक नाही. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्या एका जवानाची सेवामुक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कायमही केली आहे. शस्त्रधारी दलात हुकूम मोडून चालत नाही, हे लोकशाहीवाद्यांनीच अधिक आग्रहाने सांगावयास हवे. पण शेऱ्याचा फेरविचार केल्याने शिस्त ढासळते, हे म्हणणे टिकणारे नाही. ज्याने चूक केली त्याला शिक्षा झालीच आहे. प्रश्न आहे तो शिक्षा संपल्यानंतरच्या आयुष्याचा, आणि शिक्षा देणाऱ्याची चूक झाली असेल तर ती कोणी सुधारावयाची, याचा.

महाराष्ट्राला हा लढा नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. एका समाजाच्या समाजावरच ‘लढाऊ नव्हे’ असा शेरा मारला गेला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ मध्ये युद्धाची गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली गेली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. शेरा पुसण्यास अर्धे शतक लागले. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उठाव करणाऱ्या खलाशांची कथा याहून खिन्न करणारी आहे. त्यांच्यापैकी ४७६ जणांना काढून टाकण्यात आले, आणि स्वातंत्र्य आले तरी स्वतंत्र भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला, तो तारुण्य ओसरल्यावर.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशानेही या बाबतीत काही व्यवस्था केली आहे. तेथे १९४४ च्या कायद्याने सेवामुक्तीच्या शेऱ्याचा फेरविचार करणारी मंडळे निर्माण झाली. माजी सैनिकाला पंधरा वर्षांपर्यंत तेथे अर्ज करता येतो. ती निर्दोष नाहीत. १९०६ साली ब्राउन्सव्हिल येथील १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना चौकशीचा देखावा करून काढून टाकण्यात आले होते. त्यांचा सन्मान परत मिळण्यास १९७२ साल उजाडले, आणि तोवर त्यांपैकी बहुतेक सारे मृत्यू पावले होते. तरीही अर्ज करण्यासाठी एक ठरलेली जागा असणे आणि ती नसणे यांत फार अंतर आहे.

आपल्याकडेही असे मंडळ व्हावयास हवे. त्यात सेनाधिकाऱ्यांबरोबर एक न्यायाधीश आणि शिपाई वर्गातून निवृत्त झालेला एक सदस्य असावा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता यावा आणि ठरावीक मुदतीत त्याचा निकाल कारणांसह मिळावा. लाल नोंदींच्या मुळाशी जाण्याचा अधिकार मंडळाला हवा. शेरा बदलला आणि वय व प्रकृती अनुकूल असली, तर पुन्हा भरतीचा हक्क मिळावा. वय उलटले असेल तर निदान ‘माजी सैनिक’ ही ओळख मिळावी. सैनिक मंडळांतून कायदेविषयक मदत केंद्रे उघडण्याची योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ साली हाती घेतली आहे. शेऱ्यानिशी परतलेल्या जवानालाही त्या केंद्राची पायरी चढता आली पाहिजे.

२०२२ पासून अग्निपथ योजनेने शिपायाची नोकरी चार वर्षांची केली आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच कायम ठेवण्याचे ठरविले. कोण राहणार आणि कोण जाणार, हे वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनावर ठरणार असल्याने शेऱ्याची सत्ता पूर्वीपेक्षा वाढली आहे. कोरडवाहू मराठवाड्यातून तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी घरी परतणाऱ्या मुलाला, आपल्याविषयी काय लिहिले गेले आणि ते का, हे विचारण्याचा अधिकार असलाच पाहिजे. प्राण मागण्याचा हक्क सांगणाऱ्या राष्ट्राने त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे कर्तव्य टाळता कामा नये.