ढाळ विसरलेला कट्टा

पावसाचा जोर ओसरू लागला की कोल्हापुरात बाथरूमच्या कामांची घाई सुरू होते. घरांना गणपतीआधी काम हवं असतं. महाद्वार रोड, ताराबाई रोड आणि भवानी मंडपाभोवतीच्या लॉजांना नवरात्राआधी हवं असतं. आठ दिवसांत जुनं तोडायचं आणि नवं चकाचक करून द्यायचं. काम देऊन महिना होतो न होतो तोच फोन येतो, ‘‘बेसिनचा कट्टा सारखा ओला राहतोय हो.’’ त्यावर आपल्या धंद्यात एक ठरलेलं उत्तर आहे : वापरणाऱ्यानं पुसून घ्यायला पाहिजे. आमचं भांडण या उत्तराशी आहे.

कट्टा कोरडा राहणार की नाही, हे ग्रॅनाइटला भोक पाडायच्या दिवशीच ठरतं. नंतर हाउसकीपिंगची पोरं दिवसातून चार वेळा फडकं फिरवतात, घरातली बाई दहा वेळा फिरवते, आणि आपण सोडलेली चूक तेवढ्यापुरती झाकली जाते.

जुन्या घरातल्या मोरीला ढाळ असायचा. ढाळ काढता येत नाही त्याला कुणी गवंडी म्हणत नसे. या जिल्ह्यात दगडावरचं पाणी कुठं न्यायचं हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. खिद्रापूरच्या कोपेश्वरासारखी शिलाहारांच्या काळातली देवळं इथं उभी आहेत, आणि शाळुंकेवरचं पाणी एकाच मुखातून काढून द्यायची रीत तर त्याहून जुनी. आजही स्वयंपाकाच्या ओट्याला आपण सिंकच्या बाजूनं उतार ठेवतोच. बेसिनच्या कट्ट्यावर मात्र लेव्हल पट्टी ठेवून बुडबुडा बरोबर मधोमध आणतो आणि वर खूश होतो. सपाट दगडावर सांडलेलं पाणी जाणार कुठं? जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, डक्टकडं उघडणाऱ्या वीतभर खिडकीच्या बाथरूममध्ये ते संध्याकाळपर्यंत तिथंच बसतं. अंडर काउंटर बेसिन असेल तर भांड्याकडं फुटाला एक सूत उतार पुरतो. डोळ्याला तो दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो.

खरी पंचाईत टेबल टॉप बेसिनची आहे. शोरूममध्ये कट्ट्यावर ठेवलेलं ते वाडग्यासारखं भांडं बघून गिऱ्हाईक ‘नाद खुळा’ म्हणतं आणि आपण मान हलवतो. त्या भांड्याची कड कट्ट्यापासून पाच-सहा इंच वर असते. एकदा बाहेर उडालेल्या थेंबाला आत परत जायची वाटच नाही, मग उतार द्यायचा तरी कुठल्या बाजूला? त्यात बरेच जण कट्टा नेहमीच्या 32 इंचांवरच बांधतात, म्हणजे भांड्याची कड 37-38 इंचांवर जाते. तोंड धुताना हात उचलावे लागतात, पाणी मनगटावरून कोपराकडं ओघळतं आणि कोपरावरून कट्ट्यावर टपकतं. टेबल टॉप बसवायचंच असेल तर कट्टा 26-27 इंचांवर घ्या. पुढच्या कडेला बारीक उठाव ठेवा, म्हणजे पाणी निदान कपड्यांवर आणि जमिनीवर येणार नाही. पण आमचं मत विचाराल तर रोजच्या वापराच्या बाथरूममध्ये हे भांडं नकोच. पाहुण्यांच्या खोलीत शोभेला ठीक आहे.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये दिसत नाही. ही भांडी दोन हात ओले करून साबण लावण्यापुरती काढलेली असतात. आपल्याकडं बेसिनवर ओंजळीनं तोंडावर पाणी मारतात, खळाखळा चूळ भरतात, दाढी करतात. तांबडा-पांढरा ओरपून उठलेल्या पंगतीला खानावळीच्या बेसिनवर बघा. बोटांचा तेलकटपणा जाईपर्यंत माणूस हात चोळत असतो आणि पाठीमागं चौघं उभे असतात. तिथं 14-15 इंचांचं गोल भांडं बसवणं म्हणजे दुपारी एकपासून तीनपर्यंत एक पोऱ्या फक्त कट्टा पुसायला ठेवणं. भांडं निदान 18 इंच रुंद हवं, खोल हवं आणि तळाला थोडं सपाट हवं.

नळाकडं तर आपण शेवटी बघतो. धार भांड्याच्या उतरत्या बाजूवर पडली की उडते, थेट जाळीवर पडली तरी उडते. ती जाळीच्या जरा बाजूला, सपाट तळावर पडली पाहिजे आणि फार उंचावरून पडता कामा नये. म्हणून आधी भांडं, मग नळ आणि सगळ्यांत शेवटी ग्रॅनाइटचं भोक, असा क्रम हवा. आपल्याकडं भोक आधी पाडलेलं असतं आणि नळ गिऱ्हाईक नंतर आणतं. दाबाचाही विचार करा. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब मिळतो. पाच मजली इमारतीत तळमजल्याच्या नळावर दीड किलोच्या आसपास दाब येतो, तर टाकीखालच्या मजल्यावर त्याचा चौथा हिस्साही नसतो. तोच नळ खाली फवारा उडवतो आणि वर रडतो. कट्ट्याखालचा अँगल कॉक यासाठीच असतो. खालच्या मजल्यांवर तो थोडा आवळून द्या आणि एरेटर काढून फेकू नका. त्यात कचरा अडकला की धार तिरकी जाते. दोन मिनिटांत तो काढून कसा धुवायचा, हे लॉजच्या माणसाला दाखवून ठेवा.

यात काय मोठंसं, असं वाटणाऱ्यांनी टोरंटोची हकिगत ध्यानात घ्यावी. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डिसेंबर 2004 ते मार्च 2006 या काळात औषधांना दाद न देणाऱ्या स्युडोमोनास जंतूचा 36 रुग्णांना उपद्रव झाला. शोध घेत तज्ज्ञ हात धुण्याच्या बेसिनपाशी पोहोचले. चमकणारा रंग वापरून पाहिलं, तेव्हा नळाच्या धारेनं जाळीतून उसळलेले थेंब किमान एक मीटर लांब जात होते, अगदी शेजारच्या कामाच्या जागेवरही. जाळी कितीही निर्जंतुक केली तरी उपद्रव थांबेना. पाणी उडू नये अशी बेसिनची रचना बदलली, तेव्हा कुठं तो थांबला. घरच्या बाथरूमला अतिदक्षतेची भीती घालायची नाही, पण दवाखान्यांची कामं घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. नळाची मूठ बाजूला असली की ओला हात भांड्याबाहेर जातो आणि ठिबकतो. मूठ भांड्याच्या वरच येईल असा नळ घ्या. नॅपकिनची कडी समोरच्या भिंतीवर नको, हात लांबवला की मिळेल अशी बेसिनशेजारी हवी. नळ आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहिली तर तिथं काळी बुरशी धरणारच. फडकं घातलेला हात फिरेल एवढी जागा ठेवा. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली कटरनं एक पन्हळ मारा, खिडकीच्या सिलला मारतो तशी. पाणी दगडाच्या खालच्या अंगानं आत वळत नाही आणि कपाट वाचतं. ते कपाटही साध्या प्लायचं किंवा एमडीएफचं करू नका. आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, नाहीतर सरळ पीव्हीसी बोर्ड वापरा. 2019 आणि 2021 चा महापूर ज्यांच्या तळमजल्यात शिरला, त्यांना हे समजवावं लागत नाही.

पसाऱ्याचं म्हणाल तर कट्टा जेवढा मोठा तेवढा पसारा. ब्रशचा मग, साबण, तेलाची बाटली, कंगवा, दाढीचं सामान, या वस्तूंना दुसरी जागाच दिली नाही तर त्या ओल्यातच राहणार. साबण विरघळून बुळबुळीत होणार आणि मगाच्या बुडाचा गोल डाग दगडावर कायमचा बसणार. जुन्या वाड्यात कोनाडा होता. नऊ इंची भिंतीत तो आजही निघतो, फक्त गिलाव्याआधी सांगावं लागतं. चार इंची भिंत असेल तर आरशामागं उथळ कपाट करा. कोनाड्याच्या तळालाही बाहेरच्या बाजूनं ढाळ द्या. आणि बाथरूम लहान असेल तर कट्टाच करू नका. भिंतीला टांगलेलं साधं बेसिन स्वस्त पडतं आणि त्याच्याभोवती पुसायला काही उरत नाही. बिल कमी होतं म्हणून आपण ते सुचवत नाही, हे आपसांत तरी मान्य करायला हरकत नाही.

दगडाबद्दल एवढंच की कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे चुन्याच्या कुळातले आहेत, ॲसिड त्यांना खातं. लॉजच्या सफाईवाल्याच्या हातात ॲसिडची बाटली असणार हे धरूनच दगड निवडा.

पुढचं काम सोपवताना एक करा. शेवटचा हप्ता मागण्याआधी मालकासमोर नळ पूर्ण सोडून तोंड धुवा, मग कट्ट्यावर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठं जातं ते दोघांनी मिळून बघा. टिकलेल्या आणि बिघडलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या कट्ट्यांचे फोटो मापांसह आमच्याकडं 20 तारखेपर्यंत पाठवा. कोणाचं काम ते न सांगता आम्ही पुढच्या अंकात छापू.