नफा वहीत, पण गल्ला रिकामा

दिवाळीच्या फराळाची मोठी ऑर्डर मिळाली की घरगुती उद्योग चालवणाऱ्या गृहिणीला आकाश ठेंगणे होते. रात्री जागून चकल्या, शंकरपाळे, चिवडा तयार होतो. डबे वेळेवर पोहोचतात, चवीचे कौतुकही होते. पण हाताखालच्या बायकांची मजुरी चुकती करायची वेळ येते, तेव्हा पैशांचा डबा रिकामा असतो. मग धंदा तोट्यात गेला का? मुळीच नाही. नफा झालेला असतो, पण तो वहीत असतो, हातात नसतो.

उद्योग फक्त तोट्यामुळेच बंद पडतो, हा गैरसमज आहे. चांगला नफा असलेला उद्योगही रोख पैशाअभावी अडचणीत येऊ शकतो. म्हणून ‘किती मिळणार?’ इतकाच ‘कधी मिळणार?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

हिशेब करून पाहा

समजा, एका कंपनीने २५० रुपयांचे ४०० डबे मागवले. बिल झाले १ लाख रुपयांचे. किराणा ५५ हजार, खोकी ६ हजार आणि मजुरी १४ हजार, असा एकूण खर्च ७५ हजार. म्हणजे नफा २५ हजार. कोणीही आनंदाने होकार देईल.

आता हाच व्यवहार आठवड्यांत मांडा. हातात ४० हजार आहेत. पहिल्या आठवड्यात किराणा दुकानदाराला ३० हजार रोख दिले, उरले १० हजार. दुसऱ्या आठवड्यात खोकी आणि निम्मी मजुरी मिळून १३ हजार गेले. इथेच ३ हजार कमी पडले. तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराची उधारी २५ हजार आणि उरलेली मजुरी ७ हजार. आता खड्डा ३५ हजारांचा झाला. कंपनी पैसे देणार डबे पोहोचल्यावर ४५ दिवसांनी. तोवर घरखर्चाचे पैसे, मुलांची फी किंवा अंगावरचे दागिने यांच्याकडेच नजर वळते.

याच ऑर्डरवर ४० टक्के, म्हणजे ४० हजार रुपये आगाऊ घेतले असते, तर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ५ हजार शिल्लक राहिले असते. भाव तोच, नफा तोच. फक्त पैसे येण्याची वेळ बदलली.

काय करावे?

एका साध्या वहीत दर आठवड्याचे चार रकाने आखा: सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, अखेरची शिल्लक. पुढच्या आठ-दहा आठवड्यांचे आकडे आधीच भरा. येणारे पैसे लिहिताना ग्राहकाने सांगितलेली तारीख नव्हे, तर तो एरवी ज्या दिवशी देतो ती तारीख धरा. खड्डा कुठे पडणार हे महिनाभर आधी कळले, तर मार्ग निघतो. ऐन वेळी कळले, तर मिळेल त्या व्याजाने कर्ज काढावे लागते.

घरचे आणि धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा. स्वतःसाठी दरमहा ठरावीक रक्कमच काढा. जीएसटीची नोंदणी असेल तर कराची रक्कम बाजूला ठेवा. ग्राहकाचे पैसे आले नाहीत, तरी बहुधा कर भरण्याची तारीख टळत नाही. माल स्वस्त मिळतो म्हणून सहा महिन्यांचा साठा करू नका, कारण फडताळातल्या खोक्यांनी मजुरी देता येत नाही. आगाऊ रक्कम देण्यास नकार देणाऱ्याची ऑर्डर झेपेल तेवढीच घ्या.

कायदा तुमच्या बाजूने

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ याची माहिती अनेकींना नसते. या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पैसे मिळालेच नाहीत, तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. यासाठी ‘उद्यम’ नोंदणी ऑर्डर घेण्यापूर्वीच करून ठेवावी. ती मोफत होते. मात्र ही सोय वस्तू बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना ती लागू होत नाही.

संकोच सोडा

खरी अडचण कायद्याची नसते, भिडेची असते. ओळखीच्या माणसाकडे पैसे कसे मागायचे, असे वाटते. म्हणून अटी सुरुवातीलाच ठरवाव्यात. ऑर्डर घेतानाच कागदावर लिहा: आगाऊ किती, उरलेले कोणत्या तारखेला. माल दिला त्याच दिवशी बिल द्या, त्यावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. तारखेच्या चार दिवस आधी नम्रपणे आठवण करा. पुढची ऑर्डर मागचे बिल चुकते झाल्यावरच घ्या.

एखादा ग्राहक यामुळे नाराज होईलही. पण तुमच्याकडे पहाटेपासून चकल्या तळणाऱ्या बाईला तिची मजुरी दिवाळीपूर्वी हवी असते, दीड महिन्यानंतर नव्हे. ती वेळेवर तिच्या हातात पडावी, म्हणून तुम्ही तुमचे पैसे वेळेवर मागायलाच हवेत.