कावळ्याचे घर का वाहून गेले?

प्रश्नपत्रिकेत ‘कारणे द्या’ हा प्रश्न दिसला, की आम्हां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांची त्रेधा उडते. गाइडमधील उत्तर पाठ असेल तर निभावते. प्रश्नातील एखादा शब्द बदलला, की लेखणी थांबते. या उणिवेचे मूळ, आमच्या मते, पहिली-दुसरीच्या वाचनात आहे.

चिमणी-कावळ्याची गोष्टच घ्या. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मोठा पाऊस आला आणि कावळ्याचे घर वाहून गेले. येथे बडोद्यात वाढणाऱ्या मराठी मुलालाही ही गोष्ट आजीच्या तोंडून मिळते. पुढे तीच पुस्तकात वाचताना आपण विचारतो, “घर कोणाचे वाहून गेले?” मूल म्हणते, “कावळ्याचे.” आपण संतुष्ट होतो. परंतु हे उत्तर वाक्यात तयारच होते! खरा प्रश्न पुढचा : “का वाहून गेले?” मूल म्हणेल, “पाऊस आला म्हणून.” येथेही थांबू नये. पाऊस तर चिमणीच्या घरावरही पडला. मग ते का टिकले? मूल क्षणभर गप्प होईल. त्या वेळी आपणही गप्प राहावे. मग ते म्हणेल, “शेण भिजून सुटते, मेणाला पाणी लागत नाही.” शंका असल्यास मातीचा गोळा आणि मेणबत्तीचा तुकडा पाण्यात टाकून पाहावा. हे कारण गोष्टीत कोणी सांगितलेले नसते. मुलाने ते स्वतः शोधलेले असते. यालाच आम्ही वाचन म्हणतो.

दुसरी एक सावधगिरी हवी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे होत नाही. मांजर आडवे गेले आणि नंतर पेपर अवघड गेला. पण मांजरामुळे अवघड गेला काय? ‘नंतर’ आणि ‘म्हणून’ यांतील अंतर ज्याला लहानपणी कळले, तो मोठेपणी अफवांना आणि अंधश्रद्धेला सहसा बळी पडणार नाही.

कोणी म्हणतील, आधी अक्षरे व जोडाक्षरे पक्की होऊ द्या. ती व्हावीतच, परंतु ‘का?’ विचारण्यास अक्षरओळखीची वाट पाहावी लागत नाही. ऐकलेल्या गोष्टीवरही तो विचारता येतो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले; त्यामुळे गोरगरिबांच्या मुलांना शाळेचे दार उघडले. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, हे ध्येय ठेवले. परंतु हे काम केवळ सरकारचे किंवा गुरुजनांचे नव्हे. आमच्या घरोघरी धाकटी भावंडे आहेत. रोज रात्री एक गोष्ट वाचावी, एक ‘का?’ विचारावा आणि उत्तर आपण सांगून टाकू नये, एवढे तर आम्हांस सहज करता येईल. कदाचित त्यांना शिकवता शिकवता आमचीही ‘कारणे’ सुधारतील!