हात काळे झाले, म्हणून काय झालं?



गेल्या शनिवारी हार्बरफ्रंटच्या आमच्या इमारतीच्या वाहनतळात, व्यवस्थापनाची परवानगी काढून, मी माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचे पुढचे ब्रेक पॅड आणि रोटर बदलत होतो. मंडळातले एक स्नेही तिथून जाता जाता हसून म्हणाले, "अहो डॉक्टर, पीएच.डी. यासाठी केलीत का?"

मला हा प्रश्न गमतीचा वाटत नाही. प्रत्येक रोटरची किमान जाडी ठरलेली असते. बहुधा ती त्याच्यावरच कोरलेली असते. मी मायक्रोमीटरने मोजलं, रोटर त्याखाली गेला होता. हाच मायक्रोमीटर प्रयोगशाळेत हातात घेतला की ते संशोधन, आणि वाहनतळात घेतला की हलकं काम!

कोणी म्हणेल, ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, ते काम जाणकाराकडेच द्यावं. मान्य. ज्याला येत नाही त्याने हात लावूच नये. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवायची, दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलायचे, पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं त्यावर नजर ठेवायची, चाकाचे नट टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आवळायचे. शेवटी, गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं. ते विसरलं तर ऐन वेळी पेडल थेट तळाला जातं. याला ज्ञान म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आणि ज्या जाणकाराच्या हाती आपण बायकामुलांचा जीव सोपवतो, तसं आपल्या मुलाने व्हावं असं आपल्यापैकी किती जणांना वाटतं? सिंगापुरात 1992 पासून आयटीई ही हातकौशल्य शिकवणारी संस्था आहे. तिच्या नावाची 'इट्स द एंड' अशी टवाळी होते आणि आपल्या घरांतही मुलांना तिचाच धाक घातला जातो.

"परदेशात जात कुठे राहिली?" असं आपण म्हणतो. जात कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिलं. काळ्या हातांची ही किळस त्याच उतरंडीतून आली आहे. आडनाव न विचारताही ती पाळता येते.

म्हणून एक सूचना: यंदा गणेशोत्सवात गुणवंतांचा सत्कार करताना आयटीईत शिकणाऱ्या मुलामुलींनाही व्यासपीठावर बोलवा. कोणाचा विरोध असेल तर त्याने कारण लेखी द्यावं. मी वाट पाहतो.