आधी लोड ओळखा, मग ड्राइव्ह निवडा!

व्हायव्हात 'मोठ्या मोटरवरच्या लोडचा वेग कसा कमी कराल?' असं विचारलं, की आपल्या तोंडून एकच उत्तर निघतं – व्हीएफडी! सरही खूश, आपणही मोकळे. पण मित्रहो, हे उत्तर अर्धंच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हीएफडी विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचाच वेग बदलतो. मॅग्नेटिक कपलिंगमध्ये मोटर पूर्ण वेगानंच फिरत राहते. तांब्याची तबकडी आणि चुंबकांची तबकडी समोरासमोर असतात, मध्ये फक्त हवेची फट. एक फिरली की तांब्यात एडी करंट तयार होतात आणि त्या ओढीनं दुसरी फिरते. फट वाढवली की ओढ कमी आणि लोडचा वेगही कमी. साखर कारखान्यांत केन कॅरियरवर वापरला जाणारा डायनोड्राइव्ह याच तत्त्वाचा. तिथं कायम चुंबकाऐवजी डीसी कॉइल असते, एवढंच.

आता हिशेब करू. पूर्ण वेगाला 100 किलोवॅट घेणारा पंखा 80 टक्के वेगावर आणला, तर घनाच्या नियमानं त्याला 51 किलोवॅट पुरतात. व्हीएफडीतला तोटा धरून साधारण 53 लागतील. कपलिंग लावलं तर मोटरला 64 द्यावे लागतात, कारण वरचे 13 तांबं तापवण्यात जातात. म्हणजे फरक 11 किलोवॅटचा. रोज 24 तास आणि 150 दिवसांचा हंगाम धरला, तर 39,600 युनिट! केन कॅरियरवर तर वेग कमी झाला तरी टॉर्क तेवढाच लागतो. निम्म्या वेगाला निम्मी वीज नुसती उष्णतेत जाते. अशा ठिकाणी व्हीएफडीच हवा, यात वादच नाही.

मग कपलिंग भंगारात काढायचं का? अजिबात नाही. जिथं वेग बहुतेक वेळ पूर्णच ठेवायचा आहे, पण धूळ आहे, उष्णता आहे, मोटर आणि पंपाची अलाइनमेंट बिघडते, सुरू होताना झटका बसतो, तिथं कपलिंगच बरं. त्यात हार्मोनिक्स नाहीत, इलेक्ट्रॉनिक कार्ड नाही, एसी खोलीची गरज नाही. गावाकडं व्हीएफडीचं कार्ड उडालं तर माणूस मोठ्या शहरातून यावा लागतो. तोपर्यंत पीक थांबत नाही!

मी म्हसावदचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. आमच्या शहादा तालुक्यात तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा इथं बॅरेज आहेत. पाणी अडलं, पण ते शेतात चढवायच्या 22 उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या आणि शेवटी सरकारला त्यांची दुरुस्ती हाती घ्यावी लागली. अशा योजनेवर 'व्हीएफडी लावा, वीज वाचेल' असं आपण सांगू का?

समजा, पाणी 45 मीटर उंच चढवायचंय आणि व्हॉल्व्ह बंद असताना पंप 70 मीटर हेड देतो. वेग 80 टक्के केला की हेड वर्गाच्या नियमानं 64 टक्के होतं, म्हणजे 44.8 मीटर. पंप फिरेल, बिल येईल, पण वर थेंबभर पाणी चढणार नाही! इथं घनाचा नियम आंधळेपणानं लावून चालत नाही, आणि कपलिंगनं वेग उतरवला तरी तेच होणार. इथं हवा योग्य हेडचा पंप, सॉफ्ट स्टार्टर आणि गरजेप्रमाणं दोन-तीन पंपांपैकी चालू-बंद करायची सोय.

चुकीचा सल्ला देऊन इंजिनिअर निघून जातो, पाणीपट्टी मात्र शेतकरी भरतो. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी तीनच प्रश्न विचारा: वेग खरंच बदलायचा आहे का, टॉर्क वेगाबरोबर कमी होतो का, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? उत्तरं मिळाली, की ड्राइव्ह कुठला हे लोडच सांगतो.